जावेच्या विहिरीतले मासे

बायका दागिन्यांवरून जळतात, लुगड्यांवरून जळतात. मी पाण्यावरून जळले. माझ्या थोरल्या जावेच्या विहिरीचं पाणी सगळ्या गावाला गोड लागायचं आणि त्या गोडीने माझ्या पोटात दुखायचं. आता सत्तरी उलटल्यावर हे लिहायला लाज वाटत नाही. ज्यांच्यापुढे लाजायचं ती माणसं राहिली नाहीत, आणि जी आहेत त्यांना वाटतं म्हातारी बरळतेय.

मी देवपूरची. पांझरेच्या काठावर वाढलेली, मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. लग्न होऊन आले ती चाळीसगावकडच्या एका खेड्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या आठ-दहा वर्षं आधी. गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरावरून हाक मारायची रीत होती, म्हणून मी 'देवपूरवाली'. ते नाव मला फार आवडायचं. त्यात शहर होतं, शाळा होती. माझी जाऊ पलीकडच्याच खेड्यातली, अंगठा उठवणारी, बोलायला निव्वळ अहिराणी. मी तिला अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, रंगाने सावळी, आवाज खणखणीत. दिसायला, शिकायला, नीटनेटकं राहायला मी तिच्यापेक्षा वरचढ होते, आणि हे गावाला कसं दिसत नाही याचं मला नवल वाटायचं.

सासरे वारल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. गावाशेजारच्या मळ्यात दोन विहिरी होत्या. एक मोटेची, खोल, बांधीव. दुसरी जुनी, पायऱ्यांची, थेट पाण्यापर्यंत उतरत जाणारी. मोटेची आमच्या वाट्याला आली, पायऱ्यांची थोरल्यांच्या, म्हणजे माझ्या जेठांच्या. पंचांनी धाकट्याला झुकतं माप दिलं असंच सगळे म्हणाले, कारण भिजवायला आमचीच विहीर कामाची. आमचे हे खूश होते. मीही होते, महिनाभर. मग माझ्या लक्षात आलं की प्यायचं पाणी भरायला गाव तिकडे जातं.

तसं जाणं साहजिक होतं. आमच्या विहिरीवर दोर सोडा, पोहरा ओढा, हाताला घट्टे पडायचे. तिकडे पायऱ्या उतरल्या की घागर बुडवली. पण बायका म्हणायच्या, पाणी गोड आहे. नितळही होतंच, तळाची पायरी दिसायची. आमचंही नितळ होतं, हे मी प्रत्येकीला सांगत सुटायचे. "हो व बहीन," म्हणून त्या डोक्यावर चुंबळ ठेवायच्या आणि अक्काच्या पायऱ्या उतरायच्या. आणि अक्का? ती वरच्या पायरीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "पी ले व, पानी गोड शे." जसं काही तिने साखर घातली होती!

सगळ्यात वाईट दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुढे सांजोरी आणि आंब्याचा रस. त्या घागरीत घालायचं पाणी चांगल्यातलं चांगलं हवं, कारण गेलेल्या माणसांना वर्षातून एकदाच पाजायचं असतं. वाटणीनंतरच्या पहिल्या आखाजीला मी पहाटेच उठून आमच्या विहिरीचा काठ सारवला, रांगोळी काढली, नवा दोर लावला आणि वाट पाहत उभी राहिले. एक बाई फिरकली नाही. सगळं गाव पायऱ्यांवर. एवढ्यात आमचे हे आमचीच घागर खांद्यावर घेऊन तिकडे निघाले.

"कुठे चाललात?"

"बापाला त्याच विहिरीचं पाणी आवडायचं," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांजोऱ्या इतक्या जोरात लाटल्या की दोन फाटल्या. त्या दिवशी मी मनाशी धरलं, की एक ना एक आखाजी अशी येईल, गाव माझ्या विहिरीवर घागरी भरेल. मला दुसरं काही नको होतं.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चैत्रात जेठांच्या पायातून पुन्हा नारू निघाला. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना सांगते: पायावर फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने आडवा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. उन्हाळा आला की गावात दहा-पंधरा माणसं अशी काड्या बांधून बसलेली असायची. जेठांना हे तिसऱ्यांदा. घोट्यावर काडी बांधून ते ओट्यावर बसत आणि ठणका लागला की दात आवळून धरत. गार वाटतं म्हणून संध्याकाळी काठी टेकत जाऊन विहिरीच्या खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसत. अक्का तेव्हा त्यांच्या मागे उभी असायची.

तेव्हा लोकल बोर्डाचा डॉक्टर देवी काढायला आला. पोरांचे दंड टोचून झाल्यावर त्याची नजर जेठांच्या पायावर गेली. पाणी कुठलं पिता, विचारलं. पायऱ्यांच्या विहिरीवर गेला, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि भिंग लावून एकेकाला दाखवायला लागला. मी शिकलेली म्हणून पुढे झाले.

मी घाबरलेच. त्या नितळ पाण्यात जीव वळवळत होते! साध्या डोळ्याला पांढुरके ठिपके, धुळीच्या कणाएवढे, उड्या मारणारे. भिंगातून पाहिलं तर काही गोल, काचेसारखे आरपार, पोटात हिरवी रेघ असलेले. काही लांबट, शेपूट दुभंगलेली, कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि कमरेला दोन्हीकडे अंड्यांच्या पिशव्या लटकवलेल्या. डॉक्टर म्हणाला, हा एक डोळ्याचा पाहा. नारूचा माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. हा एकडोळ्या ती गिळतो. तुम्ही पाण्याबरोबर याला गिळता. वर्षभराने तुमच्या पायातून नारू निघतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, नारूवाल्याला पायऱ्या उतरू देऊ नका, आणि विहिरीत बारीक मासे सोडा. मासे हे सगळे ठिपके वेचून खातात.

अक्काने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "केवढुसा जीव शे! तेसनी आपलं काय बिघाडं?" लोक हसले. मग ती सरळ बोलली. तिचं बोलणं मी इथून पुढे थोडं सोपं करून लिहिते. ती म्हणाली, गाळून घरात पिता येईल, पण शेतात राबणारा माणूस गाळणं कमरेला बांधून फिरणार आहे का? तो ओंजळीनेच पिणार. आणि मासे मी सोडू देणार नाही. पितरांच्या घागरीत मासळीचा वास? माझ्या विहिरीत नाही.

माणसांनी माना डोलावल्या. डॉक्टरने खांदे उडवले आणि घोड्यावर बसला. मी मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती नाही म्हणते काय? मग मी हो म्हणते. गावाला सांगायचं, अक्काच्या पाण्यात किडे आहेत, माझ्या पाण्यात एक नाही!

आखाजी झाल्यावर मी माहेरी देवपूरला गेले आणि येताना पांझरेच्या डबक्यातून जुन्या लुगड्याने बोटाएवढे मासे धरून आणले. पितळी हंडीत पाणी, त्यात तीस-चाळीस मासे, तोंडाला फडकं. चाळीसगावच्या गाडीत हंडी मांडीवर घेऊन बसले तर समोरच्या म्हातारीला वाटलं तीर्थ आहे. तिने हात जोडले आणि दोन थेंब मागितले. खरं सांगायला गेले असते तर सगळा डबा माझ्याभोवती जमला असता. दिले मी दोन थेंब. तिने डोळ्यांना लावले. देवा, क्षमा कर बाबा!

मासे गुपचूप आमच्या विहिरीत सोडले आणि रोज भाकरीचा चुरा टाकायला लागले. महिन्याभरात पोहऱ्याच्या पाण्यात ठिपका उरला नाही. मी पांढरंशुभ्र फडकं घागरीवर बांधून पाणी गाळायची आणि ते फडकं येणाऱ्या-जाणाऱ्या बाईच्या नाकासमोर नाचवायची. "बघा, आहे एक तरी? आता अक्काचं गाळून बघा!" दहा-बारा बायका खरंच माझ्याकडे यायला लागल्या. पावसाळाभर मी हवेत होते. अक्का भेटली की मी मुद्दाम विचारायची, "पाय कसा आहे जेठांचा?" ती म्हणायची, "शे तसा शे." एवढंच.

दसऱ्यानंतर ऊन पडलं आणि माझं पाणी हिरवट दिसायला लागलं. आधी वाटलं, आभाळाची सावली असेल. मग पोहऱ्यातही हिरवं. मग घागरीतही. दिवाळीच्या तोंडावर ते पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं झालं. दुहेरी फडक्याने गाळलं, चौपदरी फडक्याने गाळलं. फडकं हिरवं व्हायचं आणि पाणीही हिरवंच उतरायचं. बायका एकेक करून परत पायऱ्यांकडे गेल्या. एकीने जाता जाता टोमणा मारलाच, "देवपूरवालीनी विहिरमा मेथी पेरी का व?" त्या हसल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिकडे अक्काची विहीर, किड्यांनी भरलेली, जशीच्या तशी नितळ!

आता मला एकच सुचलं: नजर. अक्काचीच. दुसरं कोण माझ्या वाईटावर असणार? मी मीठ-मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या घेऊन अख्ख्या विहिरीला फेरी मारली आणि विहिरीची दृष्ट काढली. चौथी शिकलेल्या बाईने! आमचे हे मोट हाकत होते. बैल थांबवून पाहत राहिले आणि माझं तोंड पाहून पुन्हा बैल हाकायला लागले.

भाऊबीजेला देवपूरला गेले. माझा भाऊ तिथल्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवायचा. ओवाळून झाल्यावर मी त्याच्यापुढे रडगाणं लावलं. तो ऐकता ऐकता हसायलाच लागला. हाताला धरून मला शाळेत घेऊन गेला. वर्गाच्या खिडकीत काचेच्या दोन बरण्या होत्या, एकाच डबक्यातून भरलेल्या. एकीतलं पाणी लख्ख, त्यात तेच ठिपके उड्या मारताहेत. दुसरी हिरवीगार. "दुसरीतले मी फडक्याने काढून टाकले," तो म्हणाला. "मुलांना दाखवायला. बाकी काही केलं नाही."

"म्हणजे?"

"अगं, पाण्यातसुद्धा गवत उगवतं. इतकं बारीक, की एकेकटं दिसत नाही. फार झालं की नुसता हिरवा रंग दिसतो. हे ठिपके म्हणजे त्या गवतावर चरणारी गुरं. भिंगातून पाहिलंस ना, पोटात हिरवी रेघ? तो त्यांचा चारा. ती रात्रंदिवस चरतात म्हणून पाणी नितळ राहतं. आणि मासा जगतो त्या गुरांवर. गवत आणि मासा यांच्या मधोमध हे ठिपके बसलेत. ते नाहीसे झाले की खालचं गवत मोकाट आणि वरचा मासा उपाशी. तू भाकरी घालून मासे पोसलेस, त्यांनी गुरं संपवली, वर त्यांच्या घाणीचं खत. बैलांचं शेण-मूत मोटेच्या धावेवरून विहिरीत जातं ते वेगळंच. मग पाणी हिरवं होईल नाहीतर काय?"

"आणि डॉक्टर म्हणाला ते खोटं?"

"ते खरंच आहे. एकडोळ्याही त्यांतलाच. मासा त्यालाही खातो. नारू जाईल, नितळपणाही जाईल. पण तुझ्या विहिरीत कोणी पाय घालत नाही. तिथे नारू येणार कुठून? तुला मासे हवेच कशाला होते? काढून टाक. तळच्या गाळात ठिपक्यांची अंडी असतात, महिना-दोन महिन्यांत पुन्हा होतील."

भाऊ पुढे बरंच सांगत होता, ठिपक्यांना मासे खातात, माशांना खंड्या खातो, असं काहीसं. माझं लक्ष नव्हतं. मला काढून टाकलेले मासे कुठे टाकायचे ते सुचलं होतं.

आता याला कोणी काय म्हणेल ते म्हणो. मी त्या वेळी स्वतःशीसुद्धा खोटं बोलले नाही. जेठांचा पाय बरा होईल, असं मनात एकदाही आलं नाही. मनात एवढंच आलं, की पुढच्या आखाजीला तिची विहीर हिरवी असेल आणि माझी नितळ. भाकरीचा चुरा टाकलेली टोपली दोराने खाली सोडायची, मासे जमले की अलगद वर घेऊन हंडीत रिकामी करायची. पंधरा दिवस हाच उद्योग. शेवटी उरलेले दोन-चार विहिरीच्या कपारीत राहणाऱ्या खंड्याने उचलले असावेत, कारण चुऱ्याला कोणी येईना.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. मी हंडी पदराआड घेतली आणि पायऱ्या उतरले. खाली गारवा होता. पाणी इतकं नितळ, की तळाशी कोणी टाकलेला ढब्बू पैसा दिसत होता. तो नितळपणा पाहूनच मला पुन्हा चीड आली. हंडी आडवी केली. मासे पाण्यात शिरले आणि पायरीच्या सावलीत जमून राहिले. मी ओंजळीने पाणी उडवून त्यांना आत हाकललं. वर पाहिलं, कोणी नव्हतं. घरी येऊन भाकरी खाल्ली आणि गाढ झोपले.

पुढचं भाऊ म्हणाला तसंच झालं. माघात माझं पाणी उजळलं. फाल्गुनात अक्काचं हिरवं पडायला लागलं आणि चैत्र संपेपर्यंत खालची पायरी दिसेनाशी झाली. लोकांनी पाण्यात मासे पाहिले. कुठून आले, यावर पारावर पुष्कळ चर्चा झाली. पुरात आले, बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून आली, सगळं बोलून झालं. काहींनी अक्काला सांगितलं, चुना टाका, सगळं पाणी उपसून काढा. ती म्हणाली, "राहू द्या." मला वाटलं, बाई मूर्ख आहे.

जेठांना त्याही उन्हाळ्यात नारू निघालाच. तो आदल्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा.

आणि आखाजी आली. माझी आखाजी! पहाटेपासून माझ्या विहिरीवर बायकांची रांग. नव्या घागरींचा लाल रंग, दोराचा करकर आवाज, "मला आधी, मला आधी." मी कमरेला पदर खोचून एकेकीला पाणी ओढून देत होते. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. रांगेच्या शेवटी अक्का उभी होती, डोक्यावर घागर घेऊन.

मी तिची घागर भरली. सासऱ्यांच्या नावाची घागर, माझ्या विहिरीच्या पाण्याने, माझ्या हाताने. ती ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "गोड शे व पानी." आवाजात खोच नाही, डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. मी वाट पाहत होते. निदान थोडी तरी जळायला हवी होती ना? ती जळली असती तर माझं समाधान झालं असतं. ती घागर घेऊन चालू लागली, आणि माझी अख्खी आखाजी बेचव झाली.

वर्ष गेलं. पुढच्या चैत्रात जेठांनी पायाकडे रोज पाहिलं. फोड आला नाही. वैशाख लागला, तरी आला नाही. गावात आदल्या वर्षी दहा माणसं काड्या बांधून बसली होती. त्या वर्षी एकच, आणि तो आदल्या उन्हाळ्यात लग्नाला परगावी जाऊन महिनाभर राहिलेला. लोक म्हणायला लागले, अक्काच्या विहिरीत देवाने मासे धाडले, ती पुण्यवान आहे. पुन्हा अक्का! पाणी माझं प्यायचे आणि पुण्य तिचं गायचे. मासे मी आणले, मांडीवर हंडी घेऊन मी आले, आणि हे मी कोणाला सांगू शकत नव्हते. सांगितलं तर, का टाकलेस, हेही सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात तो डॉक्टर पुन्हा आला. पायऱ्या उतरला, मासे पाहिले, भिंग लावलं, हसत वर आला. पारावर सगळ्यांसमोर अक्काला म्हणाला, "बाई, शेवटी ऐकलंत म्हणायचं माझं!"

"मी कुठे ऐकलं?" अक्का म्हणाली. "मासे देवपूरवालीने सोडले. यांचा पाय तिला पाहवला नाही. मी नाही म्हणून बसले होते, मग ती बिचारी कोणाला न सांगता सोडून गेली. मी पाहिलं होतं. बोलले नाही, तिला संकोच वाटला असता म्हणून."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. आमचे हे असे ताठ उभे राहिले जसे काही मासे त्यांनीच पोहायला शिकवले. जेठ माझ्याशी कधी बोलत नसत, तशी रीतच होती. ते अक्काकडे पाहून म्हणाले, "तिला सांग, आज मी काठीशिवाय आलोय." मी डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढला. लोकांना वाटलं, विनयाने.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. खोटं कौतुक गिळवत नव्हतं, आणि त्याहून जास्त हे, की ते तिने दिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती ओसरीत बाजरी पाखडत बसली होती. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं.

"अक्का, मी ते मासे जेठांच्या पायासाठी टाकले नव्हते. तुमचं पाणी नासावं म्हणून टाकले. हिरवं होणार, हे मला माहीत होतं."

सूप थांबलं नाही. "माले माहित शे," ती म्हणाली.

"माहीत?"

"मी वर गोवऱ्यांच्या ढिगामागे होते. तुझं तोंड दिसत होतं मला. पायासाठी मासे सोडणाऱ्या बाईचं तोंड तसलं नसतं."

"मग अडवलं का नाही?"

आता तिने सूप खाली ठेवलं. "अडवलं असतं तर तू मासे घेऊन गेली असतीस. मला ते हवे होते व बहीन. त्या डॉक्टरपुढे मी नाही म्हटलं, चार माणसांत म्हटलं, पण त्याच संध्याकाळी यांचा पाय चेपताना पस्तावले. परत कोणत्या तोंडाने मागणार? कोण आणून देणार? मी सात-आठ महिने देवाला म्हणत होते, कोणाला तरी बुद्धी दे. तुझ्या भाकरीच्या चुऱ्यावरूनच मी मासे ओळखले होते; पाणी हिरवं होणार हे तुझ्या विहिरीवर मला दिसत होतंच. होऊ दे म्हटलं. नितळ पाणी काय, तुझ्याकडून भरून आणीन. पाय कुठून आणू?"

मला एकदम विचार आला, माझ्या विहिरीला गाव लोटत असताना, आमच्या ह्यांच्या पायासाठी मी माझं पाणी हिरवं होऊ दिलं असतं का? मी तिथे उभी होते आणि मला 'हो' म्हणता येईना. आजही येत नाही.

"आणि पारावर खोटं कशाला बोललात?"

"मग काय सांगायचं होतं? जाऊ माझ्यावर जळते, म्हणून मालकाचा पाय बरा झाला?" ती हसली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "बस. गूळ-पाणी देते."

मी बसले नाही. तडक घरी आले, दार लावून घेतलं आणि रागाने रडले. पाण्यावरून मी तिच्यावर जळले होते ते काहीच नव्हतं. उभ्या जन्मात एकच वाईट काम मी मनापासून केलं, आणि तेसुद्धा तिच्याच कामी आलं.